एक जूनवाला

जालन्याकडे जाणारी सकाळची गाडी मुकुंदवाडी स्टेशन सोडून बद्रीनाथच्या खिडकीसमोरून गेली तेव्हा तिला आवाजच नव्हता. तो डाव्या कुशीवर, डावा गाल उशीत रुतवून पडला होता आणि उघड्या डोळ्यांनी बघत होता. आधी इंजिन आलं, मग डबे, मग दारात पाय सोडून बसलेली माणसं. एकाच्या तोंडातला ब्रशसुद्धा दिसला. खिडकीच्या गजाला बांधलेला तुळशीचा पत्र्याचा डबा नेहमीसारखा थरथरला. पण सगळं मुकं. आपण अजून झोपेतच आहोत असं त्याला वाटलं आणि तसं वाटल्याचं बरंही वाटलं, कारण स्वप्नातल्या गाडीने आवाज करावाच असा काही कायदा नाही. मग त्याने मान उचलली. डावा कान उशीतून मोकळा झाला आणि शेवटच्या दोन डब्यांचा धडधडाट दार ढकलून आलेल्या पाहुण्यासारखा खोलीत शिरला. त्याने कान पुन्हा उशीत दाबला. उरलेली गाडी मुकाट निघून गेली.

उजवा कान दोन वर्षं उतरत होता, हे त्याला ठाऊक होतं. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, मग फोनवर पुण्याहून बोलणाऱ्या लेकीचा, प्रेरणाचा, आवाज नुसता पुटपुटल्यासारखा यायला लागला आणि त्याने फोन डाव्या कानाला लावायची सवय करून घेतली. पण गाडी राहिली होती. जोवर गाडी ऐकू येते तोवर कान शाबूत आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आज गाडीही गेली. आणि नेमकी आजच, अकरा वाजता, कंपनीत कानांची तपासणी होती. एकतीस मेला तो अठ्ठावन्न वर्षांचा म्हणून घरी बसणार होता. एच.आर.च्या साहेबांनी मात्र केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं, "बद्रीनाथ, तुमच्यासारखा कान आपल्या प्लँटात दुसरा नाही. तपासणीत पास व्हा, दोन वर्षं पुढे ठेवून घेतो." चहाची चव अजून त्याच्या जिभेवर होती. साहेब त्याच्या उजव्या बाजूला बसले होते आणि ते काय म्हणाले ते त्याने निम्म्याहून अधिक त्यांच्या ओठांवरून वाचलं होतं.

कान म्हणजेच त्याची नोकरी. दुसऱ्या कुणाचा हात चालतो, कुणाचं डोकं. बद्रीनाथचा तेहतीस वर्षं कान चालला. लांब दांड्याचा पेचकस घ्यायचा, टोक फिरत्या यंत्राच्या बेअरिंगच्या घरावर, त्याच्या लोखंडी कवचावर, टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाशी दाबायची, आणि डोळे मिटायचे. डोळे मिटले की बाहेरची भट्टी, भोंगे, माणसांची आरडाओरड सगळं मागे सरायचं आणि पेचकसाच्या दांड्यातून बेअरिंग एकटं बोलायला लागायचं. चांगलं बेअरिंग गुणगुणतं. ग्रीस संपलेलं कण्हतं. ज्याचा दाणा फुटायला आलाय ते दात खातं, झोपेत लेकरं खातात तसं. पंचविसाव्या वर्षी तो फुलंब्रीकडच्या गावाहून नोकरी मागायला आला तेव्हा फोरमनने त्याला काही विचारलंच नव्हतं, नुसता पेचकस हातात दिला होता. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "ह्यात कायतरी खडी फुटल्यागत वाजतंय." उघडलं तर आत दाण्यांचा चुरा. तेव्हापासून त्याचा कान कंपनीचा झाला. खडी फुटण्याचा आवाज आपल्याला इतका कसा ओळखू आला, हा विचार मात्र त्याने फार वर्षांनी केला.

त्याची बायको चतुराबाई चहा घेऊन आली. पलंगाला वळसा घालून, डाव्या बाजूने. "उठा की. आज तपासणी हाय म्हनले ना? धुतलेला शर्ट काढून ठेवलाय." तिला त्याने कानाचं काही सांगितलं नव्हतं. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं म्हणा ना. तपासणी कसली, असं तिने विचारलं तेव्हा "बीपी, शुगर, असंच," एवढंच तो म्हणाला होता. तिने डबा बांधला. भाकरीखाली नेहमीप्रमाणे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा होता आणि त्यावर कसलासा लेख होता. पंचावन्न ते साठ वयाच्या पुरुषांपैकी शंभरात किती जण अजून कामावर आहेत आणि किती जण नाहीत, असं काहीतरी. आकडा जिथे होता तिथे ठेच्याचं तेल पसरलं होतं. त्याने कागद उजेडात धरून पाहिला, पण तेलाने आकडा पार पिऊन टाकला होता. शंभरातले ते कितीतरी पुरुष कुठे असतील, असं त्याच्या मनात आलं. ते सगळे एखाद्या स्टेशनावर ओळीने बसलेले त्याला दिसले, मांडीवर रिकामे डबे घेऊन, आणि समोरून बिनआवाजाची गाडी चाललेली.

स्कूटरवरून चिकलठाण्याकडे जाताना डाव्या बाजूचा रस्ता वाजत होता आणि उजव्या बाजूचा नुसताच हलत होता. उजवीकडून ट्रक यायचा तो थेट डोळ्यांतच यायचा. अर्धं शहर बोलतंय, अर्धं नुसतं ओठ हलवतंय. हे भीतिदायक होतं, पण खोटं कशाला बोला, त्यात एक प्रकारची गुंगीही होती. उन्हं चढत होती, विमानतळाच्या कुंपणापलीकडे वाळलेलं गवत पडून होतं, आणि त्याला शाळेच्या कागदावर हरवलेल्या आपल्या दोन वर्षांची आठवण आली. पडलेल्या नाण्यासारखी ती तो कायम खिशात हात घालून चाचपायचा. कारण बद्रीनाथ होता एक जूनवाला.

मराठवाड्यात एक जूनवाले खंडीभर सापडतील. आईला तिथी आठवायची, नक्षत्र आठवायचं, गाय व्यालेली आठवायची, पण तारीख विचारली की ती पदर तोंडाला लावायची. शाळा जूनला उघडायची. मग गुरुजी दौतीत टाक बुडवून सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे, आणि वर्ष पोराचं अंगमान बघून ठरवायचे. त्याचा फटका असा, की कंपनीत दरवर्षी एकतीस मेला एकदम सात-आठ माणसं निवृत्त व्हायची. एकच मांडव, एकच भाषण, शाली मात्र आठ. साहेब हार घालून घालून दमायचे आणि शेवटच्याला भलत्याच नावाने हाक मारायचे. बद्रीनाथचा खरा जन्म हुरड्याच्या दिवसांतला. आई, केसरबाई, सांगायची, "दुष्काळाच्या आधी दोन-अडीच साल. थंडी अशी, की तुला कनगीतल्या ज्वारीत पुरून ठेवावं वाटायचं." त्याने पुढे बोटं मोजून पाहिली होती. गुरुजींनी त्याला पावणेदोन वर्षं म्हातारा करून ठेवला होता. पावणेदोनाचे मनात कधीच दोन झाले. शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराला गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. हात कानाला लागला तर पोरगं सहाचं. नाही लागला, तर पुढच्या साली ये. बद्रीनाथचा लागला. हात लांब होते म्हणून लागला, असंच तो आयुष्यभर धरून चालला, आणि गुरुजींवर त्याचा राग होता. साधा राग, जिन्यावर कुणी चप्पल चोरावी तसा. साहेब जी दोन वर्षं देऊ म्हणत होते ती त्याच्या मते त्याचीच होती. आपलीच चप्पल परत घ्यायची, त्यात पाप कसलं?

शॉपमध्ये, यंत्रांच्या शेडमध्ये, शिरल्या शिरल्या तनुजा मॅडम भेटल्या. सव्वीस-सत्तावीसची ही इंजिनिअर मुलगी दोन वर्षांपूर्वी कंपनीत आली होती. यंत्रांची थरथर मोजायला त्यांना चिकटवायची चुंबकाची डबी आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेघा घेऊन फिरायची. बाकीच्यांना वाटलं होतं की ती बद्रीनाथच्या पोटावर पाय देणार. पण ती रेघा बघून झाल्या की त्याच्याकडे यायची. "काका, चार नंबरच्या ब्लोअरला एकदा कान लावता? मला जरा शंका आहे." त्याने त्या हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याच्या बेअरिंगवर पेचकस टेकवला, उजव्या कानाशी दाबला, डोळे मिटले. काहीच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि बुडाल्याचा आवाजच येऊ नये असं काहीच नाही. दोन वर्षं तो असा उभा राहून भलतीच हेरगिरी करत आला होता. तळवा बेअरिंगच्या घरावर ठेवून किती तापलंय ते बघायचं, ग्रीस जळल्याचा वास घ्यायचा, आणि मग डोळे उघडून निकाल द्यायचा. आतापर्यंत निभावलं होतं. डावा कान चांगला होता, पण त्या कानाला पेचकस लावणं त्याला जमतच नव्हतं. डाव्या हाताने जेवायला बसल्यासारखं वाटायचं, आणि शिवाय लोकांना कळलं असतं. आज तळव्याला ऊब थोडी जास्त लागली. पण मे महिना होता. मे महिन्यात काय ऊब लागत नाही? "ठीक आहे," तो म्हणाला. तनुजाने क्षणभर पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नक्की ना काका?" "नक्की." तिने डबी काढून खिशात टाकली. तो शब्द आपल्या तोंडून किती सहज गेला, याचंच त्याला नवल वाटत राहिलं.

अकराला अवकाश होता. तो पाण्याच्या टाकीमागे सावलीत बसला आणि बासितने शिकवलेली युक्ती मनात घोळवू लागला. बासित त्याचा पंचवीस वर्षांचा जोडीदार, गेल्या साली एकतीस मेला शाल घेऊन गेलेला, आता गुलमंडीत पुतण्याच्या कापडाच्या दुकानात बसायचा. बसायचा म्हणजे नुसता बसायचाच. मागच्या शुक्रवारी बद्रीनाथ गेला तेव्हा तो पांढऱ्या गादीवर टेकून, एकही गिऱ्हाईक नसताना, एक थान उलगडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता. "क्या करूं भाई," बासित म्हणाला, "हाताला काम लागतं. घर में रहा तो यास्मिन बोलती, सामने से हटो, झाडू मारने का है. दिवसातून चार दफा माझ्या पायाखालची जमीन झाडते ती." तो हसला, मग थान तसंच मांडीवर धरून बसला. पांढऱ्या कापडावर त्याचे ग्रीसने कायमचे काळवंडलेले नखांचे कोपरे दिसत होते. तपासणीचं कळल्यावर मात्र तो पुढे सरकला. "वो गाडी आती ना, उसमें शीशे की पेटी रहती. तुझे अंदर बिठाते, कान को डब्बे लगाते. बाहर जो बैठता, उसका अंगूठा देखना. काचेत दिसतं सगळं. वो दबाया, की तू भी दबा. मैं भी वैसाच पास हुआ था तीन साल पहले." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू राह भाई. दो साल तो दो साल. इधर कुछ नहीं है." बद्रीनाथला ते "इधर कुछ नहीं है" नीट ऐकू आलं होतं. बासित त्याच्या डाव्या हाताला बसला होता.

तपासणीची गाडी कँटीनजवळ कडुलिंबाखाली उभी होती. आत गारवा होता, स्पिरिटचा वास होता, आणि एका टोकाला खरोखरच काचेची खिडकी असलेली पेटी, माणूस बसेल एवढी. लुबना नावाची डोक्याला स्कार्फ बांधलेली मुलगी यंत्रापुढे बसली होती. तिने त्याचं कार्ड वाचलं. "जन्मतारीख एक जून?" ती हसली. "सकाळपासून पाचवे एक जून आहेत काका तुम्ही." मग तिने त्याच्या हातात वायरला जोडलेलं एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. एकदम बारीक आला तरी दाबायचं. आधी डावा कान घेते, मग उजवा." तो आत बसला. दार लागलं आणि बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. काचेतून सगळं स्पष्ट दिसत होतं: तिचा हात, हाताखालची कळ, कळ दाबली की लागणारा छोटा हिरवा दिवा. बासित खोटं बोलला नव्हता. दोन वर्षं काचेपलीकडे ठेवलेली होती आणि फक्त डोळे उघडे ठेवायचे होते.

डावा कान सरळ झाला. पीप, पीप, बारीक, आणखी बारीक. तो ऐकत होता, दाबत होता, मध्येच दिव्याकडे बघून खात्री करत होता. मग लुबनाने बोटाने खूण केली, आता उजवा. तो सावरून बसला. उजव्या कानावरची गादी आपसूक दाबली गेली, कानामागच्या हाडाशी, बरोबर त्याच जागी, जिथे तेहतीस वर्षं पेचकसाची मूठ दाबत आली होती. आणि त्याचे डोळे मिटले. त्याने मिटले नाहीत, ते मिटले. कानाशी दाब आला की डोळे मिटायचे, हे त्या डोळ्यांना कुणी विचारून शिकवलं नव्हतं. उघड, तो स्वतःला म्हणाला, अरे उघड, तिकडे दिवा लागत असेल. पण पापण्यांना त्याचं ऐकायचं नव्हतं. बैल ओळखीच्या वाटेने आपणहून घरी जातो, धन्याने कितीही कासरा ओढला तरी. त्या हट्टी, प्रामाणिक पापण्यांचा त्याला संताप आला, आणि मग, का कोण जाणे, त्यांच्याबद्दल मायाच वाटली.

आत काहीही नव्हतं. पीप नव्हतं, गुणगुण नव्हती. पहिल्यांदा भीती वाटली, मग भीती विरघळली आणि तो त्या शांततेत हळूहळू खाली उतरत गेला. बऱ्याच खाली गेल्यावर आवाज आला. ठक. ठक. ठक. तो काही यंत्राचा नव्हता. तो खडीचा होता. दुष्काळाच्या साली रस्त्याच्या कामावर बायका ओळीने बसून खडी फोडायच्या, आणि केसरबाईच्या मांडीवर, हातोड्याच्या वरखाली होणाऱ्या हाताखाली, तो पडलेला असायचा. आईच्या हाडातून तो आवाज त्याच्या हाडात यायचा. म्हणजे पंचविसाव्या वर्षी पेचकसातून त्याने ओळखला तो हा आवाज. तिच्या अंगाला दगडाच्या भुकटीचा वास होता. मग दगड मागे राहिले आणि शाळेची ओटी आली. गुरुजी खुर्चीत. दारामागे मोठ्या पातेल्यात सुकडी, गोड, भाजक्या पिठाचा वास, आणि ओळीने बसून खाणारी पोरं. ज्यांचं नाव पटावर त्यांनाच सुकडी. गुरुजी म्हणाले, हात डोक्यावरून ने. त्याने नेला. बोटं कानाच्या वरच हवेत वळवळत राहिली. लागत नव्हती. लागत नव्हतीच! इतकी वर्षं तो सांगत आला की हात लांब होते. हात लांब नव्हते. आई शेजारी उभी होती, आणि गुरुजी दौतीकडे वळले तेवढ्यात तिने एक बोट त्याच्या हनुवटीखाली घातलं आणि हळूच म्हणाली, "मान कलती कर, लेकरा. जराशीक." तिने त्याची मान वाकवली. कान वर आला आणि बोटांना भेटला. "लागला बघा, गुरुजी." गुरुजींनी पाहिलं. त्यांना कळलं असेल का? कळलंच असणार. त्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं आणि टाक उचलला.

दोन वर्षं गुरुजींनी चोरली नव्हती. आईने ती दिली होती, आणि त्याने ती तिथंच, त्या ओटीवर बसून, पितळीतून बोटं चाटत खाल्ली होती. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानावरच्या गादीपर्यंत ओघळलं. आता त्याला डोळे उघडता आले असते. पापण्या हलक्या झाल्या होत्या. पण त्याने ते उघडले नाहीत. बटण हातात तसंच राहिलं आणि तो ऐकत बसला.

दार उघडलं तेव्हा लुबना वाकून बघत होती. "काका, झोप लागली होती का? परत घेऊ?"

"नाय बाई. जागा होतो. ऐकतच होतो."

"पण बटण..."

"काही आलंच नाही. खरं तेच लिहा."

तिने कार्ड पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "माझे अब्बा पण असेच. पण कबूल नाही करत." आणि तिने लिहिलं.

गाडीतून उतरल्यावर ऊन डोळ्यांवर आलं. एच.आर.च्या केबिनकडे जायची वाट उजवीकडे होती. तो डावीकडे वळला, शॉपमध्ये गेला, चार नंबरच्या ब्लोअरपाशी उभा राहिला. पेचकस टेकवला. मग इकडेतिकडे न बघता, सगळ्यांदेखत, मूठ डाव्या कानाशी लावली. फार अवघडलेलं वाटलं. डोळे मात्र लगेच मिटले. पहिल्यांदा नुसता गोंगाट आला, मग गोंगाटाच्या पोटातून एक बारीक करकर वर आली, थांबली, पुन्हा आली. बेअरिंग दात खात होतं. त्याने डोळे उघडून वर पाहिलं. वर जाळीवर दोन माणसं काम करत होती आणि त्यांच्या खालीच हे पातं फिरत होतं.

तनुजा तिच्या टेबलाशी होती. "मॅडम, चार नंबर बंद करा. आत्ता. बेअरिंग गेलंय."

ती उठली, फोन लावला, बंद करायला सांगितलं, आणि मग म्हणाली, "काका, सकाळी तर तुम्ही..."

"सकाळी मी खोटं बोललो. उजव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही. बेअरिंगचं तर दोन वर्षांपासून नाही."

तिचा चेहरा उतरला. रागावेल असं त्याला वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. "माझ्या रेघांत सकाळीच दिसलं होतं," ती हळू म्हणाली. "पण तुम्ही ठीक म्हणालात. म्हणून मीच चुकले असं समजून गेले." ब्लोअर थांबत चालला होता. पात्यांचा आवाज उतरत उतरत नाहीसा झाला आणि शॉपमध्ये एक मोठी पोकळी झाली. बद्रीनाथने पेचकस तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो उचलला, एकदा मुठीवरून अंगठा फिरवला, आणि परत त्याच्या हातात दिला. "अकरा दिवस आहेत अजून काका," ती म्हणाली. "डाव्या कानाने ऐकायचं. आणि मलाही शिकवायचं." तिच्या बोलण्यात मघासारखा विश्वास नव्हता, पण दरवाजा तिने लावलेला नव्हता.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर तो आणि चतुराबाई नेहमीसारखे स्टेशनच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसले. दूध घ्यायला जाताना इथे घटकाभर टेकायची त्यांची रीत होती. फलाटावर शेंगावाला होता, दोन म्हाताऱ्या होत्या, बाकी निवांत. बद्रीनाथने दिवसभर वाक्य जुळवलं होतं आणि आता त्याला ते सापडेना. शेवटी तो नुसतं म्हणाला, "मी नापास झालो. कानात. एकतीसला घरी."

चतुराबाई रुळांकडे बघत होती. "उजव्यात ना?"

त्याने मान वळवली. "तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? दोन साल झाले, मी तुमच्या डाव्या अंगानंच चालते. तुमच्या ध्यानात नाय आलं व्हय?"

त्याच्या डोळ्यांपुढून दोन वर्षं मागे सरकत गेली, सकाळच्या त्या गाडीसारखी, पण आता आवाजासकट. लग्नाच्या पंगतीत तिने मुद्दाम उठून बदललेली जागा. दवाखान्याच्या रांगेत, बाजारात, भाजी घेताना. पलंगावरची बाजू बदलली तेव्हा म्हणाली होती, पंख्याचं वारं सोसत नाही. पंखा तर खोलीच्या मधोमध होता. आज सकाळचा चहा, पलंगाला घातलेला वळसा. "मग बोलली का नाही?"

"तुम्ही लपवत होता. माणूस मेहनतीनं लपवतंय, मंग काहून उघडं पाडायचं?" ती म्हणाली. आणि मग, "घरी बसल्यावर मी तुम्हाला झाडू मारताना उठवनार नाय. पाय वर घ्या म्हनजे झालं."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींतलं आधी कुणाला वाट द्यावी ते कळेना म्हणून त्याने उजवा हात उचलला. डोक्यावरून पलीकडे नेला. खांदा कुरकुरला, तेहतीस वर्षं राबलेला खांदा. बोटं डाव्या कानाच्या वर हवेतच अडकली. फलाटावरच्या दोन म्हाताऱ्या बघायला लागल्या. चतुराबाईने त्याला विचारलं नाही, की हे काय चालवलंय म्हणून. सासूने, केसरबाईने, तिला ती गोष्ट कधी चुलीपुढे बसून सांगितली असेल, त्याला माहीत नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, एक बोट त्याच्या हनुवटीखाली घातलं.

"मान कलती करा," ती म्हणाली. "जराशीक."

त्याने केली. कान बोटांना लागला.

"लागला," चतुराबाई म्हणाली. "चला आता, दूध आनायचंय."